मदत हवी आहे: १९६७ च्या टाटा-मर्सिडीज ट्रकचं ब्रेक पेडल हळूहळू खाली बसतंय

वडिलांचा जुना ट्रक घरच्या अंगणात दुरुस्त करून पुन्हा चालता करतोय. समोर अजून मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा आहे, तो काढणार नाही. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स झालं. दिवाळीनंतर रिकाम्या ट्रकने कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, पुढे गुहागर असा बेत आहे. अडलंय ते ब्रेकपाशी.

ब्रेक हायड्रॉलिक आहेत, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे. पेडल पहिल्यांदा कडक लागतं, पण पाय दाबून ठेवला की सावकाश तळाला जातं. चारही चाकांचे सिलिंडर आणि रबरी पाइप नवे टाकलेत, लायनिंग बदललंय, हवा तीनदा काढली. ब्रेकचं तेल डॉट ३ प्रतीचं. बाहेर कुठेही थेंब नाही, टाकीतली पातळीही उतरत नाही. शेवटी मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलतो तो) आउटलेट प्लगने बंद करून पाहिलं, तरी पेडल बसतंच. म्हणजे दोष तिथेच. उघडला तर बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन सरकतो त्या आतल्या पोकळीत, गंजाचे बारीक खड्डे, नख अडकतं एवढे. रबरी सीलची नवी किट घालूनही फरक नाही.

जुन्या बाजारात मिळालेले दोन सिलिंडर यापेक्षा वाईट निघाले. दुसऱ्या मॉडेलचा बसवायचा नाही, पेडलची चाल बदलेल. घाटात इंजिन खालच्या गिअरमध्ये ठेवणारच, पण त्या भरवशावर निघणार नाही.

बोअर होनिंग करून (आतून घासून गुळगुळीत करून) भागेल, की स्लीव (आत बसवायची नवी नळी) टाकावी? स्लीव असेल तर पितळी की स्टेनलेस, आणि कोल्हापूर-सांगली पट्ट्यात हे काम खात्रीने कोण करतं?