परदेशात शाळेत नोकरी: नागपूरचे बी.एड. कोठे चालते आणि एजंट लागतो का?

प्रश्न: भौतिकशास्त्र शिक्षिका, त्रिमूर्तीनगर

नमस्कार. मी नागपुरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या सेमी इंग्रजी वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवते. माझ्या बी.एस्सी., एम.एस्सी. (भौतिकशास्त्र) आणि बी.एड. या पदव्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या असून बी.एड. २०१३ सालचे, म्हणजे एक वर्षाच्या जुन्या अभ्यासक्रमाचे आहे. काही वर्षे परदेशात शिकवावे असे घरात ठरत आले आहे. सीताबर्डीवरील एका एजंटाने इंग्लंडमध्ये ‘नक्की’ नोकरी लावून देण्याचे अडीच लाख रुपये सांगितले असून त्यातील निम्मे नोंदणीच्या वेळीच भरायचे आहेत. माझी कागदपत्रे खरोखर कोणत्या देशाला जुळतात, एजंटाशिवाय हे जमते का, आणि सुरुवात कोठून करावी? माझी धाकटी जाऊ डी.एड. करून प्राथमिक शाळेत शिकवते. तिलाही हाच मार्ग खुला आहे का, हेही कृपया सांगावे.

उत्तर १: मूळचा धंतोलीचा, सध्या इंग्लंडमध्ये विज्ञान शिक्षक

मॅडम, एजंटाला सध्या एक रुपयाही देऊ नका. तो जी गोष्ट विकतो आहे तिचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे. इंग्लंडमध्ये शिक्षकाला ‘क्वालिफाइड टीचर स्टेटस’, म्हणजे क्यूटीएस, हा दर्जा मिळवावा लागतो. २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनाही त्यासाठी थेट अर्ज करता येतो. मात्र भारतासह काही देशांच्या बाबतीत अट अशी आहे की अर्जदार ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्यास पात्र असला पाहिजे. भाषा म्हणजे तेथील शाळांत शिकवल्या जाणाऱ्या फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन यांसारख्या भाषा. आपले मराठी त्यात कामाला येत नाही. आपण या अटीत चपखल बसता. आपल्या जाऊबाईंना मात्र हा मार्ग बंद आहे, कारण भारतीय प्राथमिक शिक्षकांसाठी तो खुला केलेलाच नाही.

अर्जाला पदव्या, गुणपत्रके, बी.एड. नंतरच्या अध्यापनाचा शाळेने दिलेला दाखला, आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई झालेली नाही याचा पुरावा आणि इंग्रजीचा पुरावा लागतो. इंग्रजीसाठी पदवीचे माध्यम इंग्रजी होते असे विद्यापीठाचे पत्र चालते, नाहीतर मान्यताप्राप्त परीक्षा द्यावी लागते. अनुभवाचा दाखला ‘सदर शिक्षिका आमच्या शाळेत कार्यरत आहेत’ एवढ्या एका ओळीत आटोपू देऊ नका. रुजू झाल्याची तारीख, विषय, इयत्ता, विद्यार्थ्यांचा वयोगट आणि पूर्णवेळ पद, हे सारे त्यात असावे.

क्यूटीएस म्हणजे नोकरी नव्हे आणि व्हिसाही नव्हे, हे एजंट कधीच स्पष्ट करत नाहीत. नोकरी शाळाच देते आणि व्हिसासाठी तीच प्रायोजक असावी लागते. प्रायोजक होण्याचा परवाना असलेल्या संस्थांची यादी ब्रिटिश सरकार प्रसिद्ध करते, तेव्हा मुलाखतीआधी ती पाहून घ्यावी. ब्रिटनच्या कायद्यानुसार नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेण्यास मनाई आहे. तिथल्या संस्था आपले शुल्क शाळेकडून घेतात. भारतातही नोंदणीकृत भरती एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. अडीच लाखांचा आकडा ऐकल्यावर ही यादी पाहण्याचीही फारशी गरज उरत नाही, हे माझे वैयक्तिक मत.

पैसे खरोखर लागतात ते व्हिसासाठी. त्याच्या शुल्काखेरीज आरोग्य अधिभार प्रत्येक प्रौढास वर्षाला १,०३५ पौंड असून तो व्हिसाच्या संपूर्ण कालावधीसाठी एकदम भरावा लागतो, म्हणजे तीन वर्षांचे ३,१०५ पौंड. कुटुंब सोबत नेणार असाल तर हा हिशेब आधी मांडा. याशिवाय क्षयरोगाची तपासणी करावी लागते आणि पासपोर्ट सेवेमार्फत पोलिसांचा चारित्र्य दाखला मिळवावा लागतो.

मुलाखतीत विषयज्ञान जवळजवळ गृहीत धरले जाते. आपली माणसे अडखळतात ती ‘सेफगार्डिंग’च्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेच्या, प्रश्नाला. एखाद्या मुलाने घरी मार बसतो असे सांगितले तर तुम्ही काय कराल, असे विचारल्यावर पालकांना बोलावून समजूत घालण्याचे उत्तर दिले की मुलाखत तेथेच फसते. ते मुलाच्याच शब्दांत नोंदवून शाळेतील नियुक्त अधिकाऱ्याकडे त्याच दिवशी द्यायचे असते. गुपित राखण्याचे वचनही मुलाला द्यायचे नसते.

उत्तर २: दुबईतील शाळेत अध्यापन, माहेर अमरावती

इंग्लंडबरोबरच आखाताचा विचार अवश्य करावा. तेथे सीबीएसईच्या भारतीय शाळा पुष्कळ आहेत आणि आपल्या अनुभवाची त्यांना लगेच ओळख पटते. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांत पगार सहसा बराच जास्त असतो, पण तेथे पुन्हा क्यूटीएसला वजन आहे. त्यामुळे ते आधी मिळवले तर दोन्ही दारे उघडतात. जाऊबाईंनी पदवी आणि बी.एड. पूर्ण करून भारतीय शाळांकडे पाहावे.

अमिरातीसाठी पदवीवर अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा परदेशात चालणारा प्रमाणन-शिक्का, पुरत नाही. राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी त्या देशाचा दूतावास अशी साक्षांकनाची साखळी पूर्ण करावी लागते. दीक्षान्त समारंभानंतरची मूळ पदवी ज्यांनी विद्यापीठातून अद्याप उचललेली नाही (अशांची संख्या आपल्याकडे कमी नाही), त्यांचा खोळंबा तेथेच होतो. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर विसंबू नये.

उत्तर ३: निवृत्त मुख्याध्यापक, महाल

ऑस्ट्रेलियाचे कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. माझ्या शाळेतील एका शिक्षिकेची प्रकरणे मीच तयार करून दिली होती. तेथे व्हिसासाठी शिक्षकाचे मूल्यांकन एआयटीएसएल ही संस्था करते. उच्च शिक्षणाची किमान चार वर्षे हवीत, म्हणजे तीन वर्षांची पदवी आणि एक वर्षाचे बी.एड. हा हिशेब जुळतो. पण देखरेखीखालील किमान ४५ दिवसांचे अध्यापनही दाखवावे लागते. आपल्या जुन्या बी.एड. मध्ये सरावपाठ मोजत, दिवस कोणी मोजत नसे. म्हणून सरावपाठ आणि छात्रसेवाकाल मिळून प्रत्यक्ष शाळेत किती दिवस होते, याचे पत्र अध्यापक महाविद्यालयाकडून घ्यावे, आणि ते जुने अभिलेख हाताळणारे लिपिक निवृत्त होण्याआधी घ्यावे. इंग्रजीसाठीच्या आयईएलटीएसच्या अकॅडेमिक परीक्षेत वाचन-लेखनात ७ आणि श्रवण-संभाषणात ८ गुण लागतात. संभाषणातील ८ ही चेष्टा नाही.

दुसरे म्हणजे, आपण अनुदानित शाळेत स्थायी असाल तर १९८१ च्या खाजगी शाळा सेवाशर्ती नियमावलीनुसार राजीनाम्याची तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते. उत्साहाच्या भरात आजच राजीनामा देऊ नये. आधी संस्थेकडे असाधारण रजेचा लेखी अर्ज करावा. संस्था बहुधा नाही म्हणेल, पण लेखी नकारही पुढे उपयोगी पडतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सर, आपण सांगितलेले पत्र मागायला मी याच आठवड्यात महाविद्यालयात जाणार आहे. एक अडचण राहिली: दहावीपासून एम.एस्सी. पर्यंतची सर्व कागदपत्रे माहेरच्या नावाने आहेत, तर बी.एड. आणि पासपोर्ट सासरच्या नावाने. शिवाय जुन्या गुणपत्रकांवर आडनाव आधी छापलेले आहे. इंग्लंडच्या अर्जात यामुळे अडचण येईल का?

उत्तर १ देणारे शिक्षक

विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडले की बहुतेक वेळा भागते. ते नागपूर महानगरपालिकेचे आणि मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे. आडनावाच्या क्रमाने काही बिघडत नाही. स्पेलिंगमधील फरक मात्र त्रासदायक ठरतो, आणि तो असल्यास राजपत्रातील नोंद करून घेणे हा सरळ उपाय आहे. अर्जात मात्र नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षर न बदलता लिहावे.

वेळेचे गणितही सांगून ठेवतो. इंग्लंडमधील शिक्षकांना सप्टेंबरपूर्वी शाळा सोडायची असेल तर राजीनामा ३१ मेपर्यंत द्यावा लागतो, त्यामुळे जानेवारी ते मे या काळात सर्वाधिक जागा निघतात. आपली तीन महिन्यांची सूचनाही १ सप्टेंबरपासून मागे मोजली तर मेअखेरीलाच येऊन पडते. म्हणून क्यूटीएसचा अर्ज या दिवाळीच्या सुट्टीतच भरून टाका.