भावाला इलेक्ट्रिशियन करायचंय, ‘एनसीव्हीईटी मान्यता’ म्हणजे आयटीआयच ना?

माळावरचा
लहान भाऊ दहावी पास, ५८ टक्के. तालुक्याला एक सेंटर आहे, ते म्हणतात सहा महिन्यांत इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट, केंद्र सरकारमान्य, वर एनसीव्हीईटीचा लोगो पण आहे. आयटीआयला दोन वर्षं जातात म्हणून वडील म्हणतात हेच करू, पैसे उद्या भरायचेत. पुढे महावितरणला चालेल का हे?

बेंचव्हाइस
थांब भावा, पैसे भरू नको. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीची जुनी जाहिरात काढून वाच, वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्रीचा (वायरमन) दोन वर्षांचा कोर्स लिहिलेला असतो. सहा महिन्यांवाल्याला फॉर्मच भरता येत नाही.

शिल्पनिदेशक_१७
जरा सविस्तर सांगतो, कारण यात सेंटरवाला खोटं बोलतोय असंच नाही. पूर्वी आयटीआयचं सगळं एनसीव्हीटी ही जुनी राष्ट्रीय परिषद बघायची, ती १९५६ पासूनची. डिसेंबर २०१८ मध्ये एनसीव्हीईटी, म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद, जाहीर झाली आणि २०२० पासून कामाला लागली. ती स्वतः कोर्स चालवत नाही, कोणी परीक्षा घ्यायची, कोणी सर्टिफिकेट द्यायचं त्या संस्थांना मान्यता देते. आता तिच्या छत्राखाली आयटीआयवालं डीजीटी (केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय) पण येतं आणि शॉर्ट टर्म कोर्सवाले पण येतात, त्यामुळे लोगो दोघांकडे दिसणार, पण सर्टिफिकेट वेगळं. आयटीआयचं ते नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट, एनटीसी. जाहिरातीत आयटीआय मागितलं की तेच लागतं. आणि माहितीपत्रकात ‘लेव्हल’ लिहिलेली असते तिला भुलू नका, लेव्हल म्हणजे काम किती अवघड ते, कोर्स किती महिन्यांचा ते नव्हे.

खाजगी आयटीआयत घालणार असाल तर अजून एक, मान्यता अख्ख्या इमारतीला नसते, ट्रेडनुसार आणि युनिटनुसार असते. इलेक्ट्रिशियनचं एक युनिट २० पोरांचं. फिटरची मान्यता दाखवून इलेक्ट्रिशियनला पोरं भरलेली मी पाहिलीत, परीक्षेच्या वेळी रडारड. डीव्हीईटीच्या (राज्याचं व्यवसाय शिक्षण संचालनालय) ऑनलाइन प्रवेशात ती संस्था, तो ट्रेड दिसतो का बघा.

बेंचव्हाइस
आणि आयटीआयनंतर वर्षभर अप्रेंटिस करायला लाव, स्टायपेंड पण मिळतो. मी चाकणला केली, खरं काम तिथंच शिकलो.

माळावरचा
सेंटरवाल्याला फोन केला, एनटीसी मिळेल का विचारलं. म्हणाला “ते नाही, पण सेमच असतं.” वडिलांना स्पीकरवर ऐकवलं. पैसे कपाटात परत गेले, उद्या सरकारी आयटीआयचा फॉर्म भरतोय.