साखर कारखान्यात लॅगिंगचं काम करून वडिलांची फुफ्फुसं गेली, भरपाई कुणाकडं मागायची?

बिंदुसराकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही केज तालुक्यातले. वडील साठीला आलेत, घरात त्यांना आण्णा म्हणतो. वीसेक वर्षं ते ठेकेदाराकडून साखर कारखान्यांत लॅगिंगच्या कामावर होते. कायम हजेरीपटावर नाव कधीच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बॉयलरपासून वाफेचे जे पाइप जातात त्यांच्यावर उष्णता अडवायला जाड थर चढवतात, ते लॅगिंग. गळीत हंगाम संपला की उन्हाळ्यात जुना थर हातोडीनं फोडायचा, पोत्यात भरायचा, नवा चढवायचा. तो ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या तंतुमय खनिजाचा असायचा. दोरी, कापड अन् पाण्यात कालवून थापायची पांढरी पावडर. तोंडाला रुमाल, बाकी काही नाही. आण्णा घरी यायचे तर भुवयासुद्धा पांढऱ्या. आई ते कपडे अंगणात झटकायची.

काम सोडल्यावर काही वर्षांत दम लागायला लागला. आधी टीबी म्हणून गोळ्या चालल्या, थुंकी निगेटिव्ह असूनही. शेवटी संभाजीनगरला एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) काढला. दोन्ही फुफ्फुसांच्या तळाला फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखा कडकपणा, अन् आवरणावर चुन्यासारखे चट्टे. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, काका, काम काय करत होता? ॲस्बेस्टॉसिस म्हणाले, त्याच धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार.

ठेकेदार वारला. कारखाना म्हणतो, हा आमचा माणूसच नव्हं. अन् खरी अडचण निराळीच हाय. आम्ही त्याच कारखान्याचे सभासद, तीन एकर ऊस उभा. चुलते म्हणायलेत, केस केली तर तोड येईल का? कामून नसत्या भानगडीत पडता? आण्णा तर विषयच काढू देत नाहीत. काही मार्ग आहे का?

लेबरकोर्ट_लातूर:
दादा, मार्ग आहे. पण आधी एक काम करा, बाकी सगळं नंतर. ज्या डॉक्टरांनी निदान केलं त्यांच्याकडून केसपेपरवर कामाचा इतिहास लिहून घ्या: कुठलं काम, अंदाजे कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कशाची धूळ. नुसतं 'फायब्रोसिस' असेल तर समोरचा वकील म्हणणार, बिडीनं झालं, चुलीच्या धुरानं झालं. शिवाय कमावण्याची ताकद किती टक्के गेली याचा दाखला लागेल. त्यासाठी पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी, करून घ्या.

आता कायदा. साखर कारखाना हंगामी कारखान्यात मोडतो अन् ईएसआय (कामगार राज्य विमा) कायद्यातून हंगामी कारखाने वगळलेले आहेत, त्यामुळे बहुतेक तो रस्ता बंद. उरतो कर्मचारी नुकसान भरपाई कायदा, १९२३. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसिस हा व्यावसायिक आजार म्हणून नावानिशी आहे. असा आजार म्हणजे कायद्याच्या नजरेत अपघातच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय अन् हे जुने कायदे तिच्यात सामावलेत, तेव्हा अर्ज कशाखाली टाकायचा हे तुमचा वकील तारखा बघून ठरवेल. मी खाली जुन्या कायद्याप्रमाणं सांगतोय.

'आमचा माणूस नव्हे' हे उत्तर प्रत्येक कारखाना देतो. कलम १२ म्हणतं, मूळ मालकानं आपल्या धंद्यातलं नेहमीचं काम ठेकेदाराला दिलं असेल तर भरपाईला मूळ मालकच जबाबदार. नंतर त्यानं ठेकेदाराकडून वसूल करावी. कारखाना म्हणेल, लॅगिंग हा आमचा धंदा नाही. त्याला विचारा, वाफेवाचून साखर होते का? आण्णा दोन-तीन कारखान्यांवर राबले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याची जबाबदारी ठरवायचीही सोय आहे.

रकमेचा अंदाज: कायद्यात वयाप्रमाणं गुणक (मजुरीच्या हिश्शाला गुणायचा आकडा) दिलाय, वय ६० धरलं तर तो ११७.४१. महिना मजुरी १२,००० धरली तर तिचे ६० टक्के ७,२००. गुणाकार ८,४५,३५२. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. दाखल्यात क्षमता ४० टक्के गेली असं असेल तर सुमारे ३ लाख ३८ हजार. वेळेत दिली नाही तर त्यावर १२ टक्के व्याज.

मुदत दोन वर्षांची. आजारात ती कुठून मोजायची यावरच भांडण होतं, पण पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होतो. म्हणून टीबीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या फेकू नका. चुकीच्या निदानात वेळ गेला याचा पुरावा त्याच आहेत.

कुणीतरी तुम्हाला १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवेल, एक लाख भरपाई अन् कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायचा आदेश. निकाल खरा आहे, मोठा आहे, पण तो ॲस्बेस्टॉस उद्योगांसाठी. साखर कारखाना लगेच हात वर करेल. आधार म्हणून जोडा, भार त्याच्यावर टाकू नका.

निवृत्त_फिटर:
मी बॉयलर हाऊसमध्ये अख्खी नोकरी काढली. वकीलसाहेबांचं बरोबर, पण कागद आणायचा कुठून हे कुणी सांगत नाही. ऐका. ठेकेदारानं पीएफ कापला असेल तर त्याची नोंद भविष्य निर्वाह निधी कार्यालयात सापडू शकते, आधी ते बघा. आत जायला गेटपास असायचा, एखाद्याच्या पेटीत अजून असेल. टोळीतले जुने गडी शोधा, दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं लई कामाची. बॉयलर अटेंडंट किंवा माझ्यासारखा कायम फिटर साक्षीला उभा राहिला तर सोन्याहून पिवळं, कारण त्याचं नाव कारखान्याच्याच हजेरीपटावर असतं.

सहकारी कारखान्याला थेट माहिती अधिकार बहुधा लागणार नाही. पण औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय सरकारी हाय. त्या कारखान्याच्या तपासणीचे शेरे तिथं मागा.

आणखी एक. चेअरमनचा माणूस पन्नास हजार अन् एक स्टँप पेपर घेऊन घरी येईल. चहा पाजा, सही करू नका.

लेबरकोर्ट_लातूर:
काकांनी नेमकं सांगितलं. हक्क सोडून दिल्याचा असला करार कायद्यानं रद्दबातलच असतो, पण सही केली की वर्षभर तेच निस्तरत बसावं लागतं.

छातीच्या_वॉर्डातली_सिस्टर:
वडिलांचं सगळे बघतायत. मला तुमच्या आईची काळजी वाटते. कपडे झटकून घरातल्या बाईला हा आजार झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. ॲस्बेस्टॉसचे तंतू आत गेल्यावर दहा-वीस, कधी चाळीस वर्षांनीही त्रास निघतो. त्यांना खोकला, दम, छातीत दुखणं असेल तर तपासून घ्या, अन् डॉक्टरांना त्या कपड्यांचं सांगा. आण्णा तंबाखू-बिडी घेत असतील तर आजपासून बंद. ॲस्बेस्टॉसच्या जोडीला धूम्रपान असलं की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी वाढतो.

बिंदुसराकाठ:
सगळ्यांचे आभार. आईचं डोक्यातच आलं नव्हतं, पुढच्या वेळी दोघांनाही घेऊन जातो. टोळीतले दोन गडी सापडले, एक धारूरला असतो. त्यालाही दम लागतो म्हणे. वकिलाचा खर्च अन् उसाचं तेवढं सांगा.

लेबरकोर्ट_लातूर:
धारूरच्या गड्याचाही एचआरसीटी करा. दोन अर्ज एकदम पडले की एकट्या माणसावर दबाव येत नाही.

खर्चाचं: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. अर्ज तुम्ही राहता त्या भागात टाकता येतो, कारखान्याच्या गावाला खेटे घालायची गरज नाही.

उसाचं: झोनबंदी, म्हणजे ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, जाऊन जमाना झाला. दुसऱ्या कारखान्याकडं नोंद द्या अन् पोच घ्या. यंदाची तोड होऊ द्यायची म्हणून अर्ज लांबवू नका, मुदत तुमच्या उसासाठी थांबत नाही. अन् आण्णांना सांगा, सभासदाचा शेअर वेगळा अन् मजुराची भरपाई वेगळी. एकापायी दुसरं जात नाही.