एडिंबराला तीन दिवस: शहरातच रहायचं की मधला दिवस लॉक नेसला घालवायचा?

लीड्सकरीण
आईबाबा डोंबिवलीहून दोन महिन्यांसाठी आलेत आमच्याकडे. मेअखेरच्या लाँग वीकेंडला तीन रात्री एडिंबरा ठरवलंय. लीड्सहून थेट ट्रेन आहे, साधारण तीन तास, म्हणून गाडी न्यायचीच नाही. आम्ही पाचजण, लेक चार वर्षांची, आईचे दोन्ही गुडघे दुखतात, बाबा बहात्तरचे पण चालायला एकदम तयार (परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेत, आयुष्यभर उभ्याने काम केलंय). घरात वाद असा की नवरा म्हणतो मधल्या दिवशी हायलँड्सची, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागाची बस टूर घेऊ, ग्लेन्कोची दरी, लॉक नेस (ते राक्षसी प्राण्याच्या दंतकथेचं तळं), सकाळी आठला निघायचं रात्री आठला परत. मला हे अजिबात पटत नाही. किल्ला ज्वालामुखीच्या खडकावर, तिथून शेपटीसारखी खाली उतरत गेलेली जुनी वस्ती, मधे दरी, आणि पलीकडे १७६७ च्या आराखड्यावर सरळ रेषेत आखलेलं न्यू टाऊन, हे सगळं बसत उठत, चहा पीत बघायचं असतं हो. तीनातला एक दिवस बसच्या खिडकीला देऊन टाकायचा? ज्यांनी वयस्कर माणसांना घेऊन हे केलंय त्यांनी आधी सांगा.

अबर्डीनकर
ताई, मी भावजींच्या बाजूने. आईबाबा परत कधी येणार? व्हिसा, एवढा लांबचा विमानप्रवास, आणि वय काही कमी होत नाही. किल्ले आपल्याकडे काय कमी आहेत? स्कॉटलंडला येऊन डोंगर न बघणं म्हणजे महाबळेश्वरला जाऊन नुसत्या बाजारात फिरून परत येणं. माझ्या सासऱ्यांना ग्लेन्कोला नेलं होतं, गाडीतून उतरले आणि दहा मिनिटं एक शब्द बोलले नाहीत, मग म्हणाले माळशेज घाटातली सगळी झाडं काढून घेतली तर असं दिसेल. गेल्या दिवाळीत फोनवर परत तेच सांगत होते. त्यांना किल्ल्यातलं काय आठवतंय? काहीच नाही.

सोलापूरची लेक
अबर्डीनकर, तुम्ही स्वतःच्या गाडीने नेलंत ना, तिथेच सगळा फरक आहे. आम्ही एका कंपनीच्या बसने गेलो होतो, आई सोबत होती. एडिंबराहून लॉक नेस एका बाजूने दीडशे मैलांच्या वर आहे, म्हणजे थांबे मोजकेच आणि घड्याळ लावून. ग्लेन्कोला वीस मिनिटं मिळाली, त्यात आई शेवटच्या सीटवरून पुढे येऊन खाली उतरेपर्यंत सहा-सात मिनिटं गेली, फोटो काढला की लगेच चला. बोटीचं तिकीट वेगळं, आणि त्या दिवशी लॉक नेसवर एवढं धुकं की पलीकडचा काठ दिसेना. परत येताना आईचे पाय सुजले होते, दुसरा दिवस तिने हॉटेलच्या खोलीत झोपून काढला. तिला काय वाटलं असेल ते ती बोलली नाही पण मला अजून लागतं ते. लीड्सकरीण, तुझं बरोबर आहे, हट्ट सोडू नकोस. आणि एक, काही टूरवाले पाच वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत, ते आधी विचार, कदाचित वाद आपोआप मिटेल.

लीथवाला
अकरा वर्षं इथे एडिंबरातच राहतोय म्हणून थोडं लांबलचक लिहितो. शहरातच रहा या मताचा मी आहे, पण शहर गुडघ्यांना सोपं आहे हा समज काढून टाका. जुन्या वस्तीतला मुख्य रस्ता, रॉयल माइल, किल्ल्यापासून हॉलीरूड राजवाड्यापर्यंत सतत उतार आहे, त्यामुळे सुरुवात वरूनच करायची, खालून वर कधीच नाही. गल्ल्यांना इथे क्लोज म्हणतात, त्यातल्या बऱ्याच म्हणजे नुसते दगडी जिने, आईंना तिथे नेऊ नका. फरशी दगडी आणि उंचसखल, लहान चाकांची बाबागाडी दर दोन पावलांना अडकते.

किल्ल्याचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, वेळ ठरवून मिळतं. आतला चढ ज्यांना झेपत नाही त्यांना वर नेणारी एक छोटी गाडी असते, गेटवर कर्मचाऱ्यांना सांगायचं. लाजू नका, ती त्याचसाठी आहे. दुपारी एकला तोफ उडते, १८६१ पासूनची पद्धत, पण रविवारी नाही, म्हणून किल्ला शनिवारी ठेवा. लेकीला आधी सांगून ठेवा, आवाज खरंच मोठा असतो.

राहायला जुन्या भागात घर घेताना लिफ्ट आहे का ते विचाराच. आमच्या ओळखीतल्या एकांनी फोटो बघून फ्लॅट घेतला, चौथा मजला निघाला, गोल दगडी जिना, पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या, आणि हातात पाच बॅगा. न्यू टाऊनमध्ये किंवा हेमार्केटजवळ घ्या, ट्राम दारात. आणि २४ जुलै २०२६ पासून राहण्याच्या भाड्यावर ५ टक्के पर्यटक कर आहे, त्यानंतर येणाऱ्यांनी हिशोबात धरा. ऑगस्टमध्ये तर येऊच नका म्हातारी माणसं घेऊन, फेस्टिव्हलमुळे भाडी दुप्पट आणि फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते.

अबर्डीनकर
लीथवाले, तुम्हीच सांगताय की इथे जिने, तिथे उतार, हे झेपणार नाही, ते झेपणार नाही. मग त्या माउलीने तीन दिवस करायचं काय? बसमध्ये निदान बसून तरी बघता येतं. किल्ल्यातही काय, तो राज्याभिषेकाचा दगड आणि मुकुट बघायला रांगेत उभंच रहायचं ना.

लीथवाला
दगड आता इथे नाही, २०२४ मध्ये पर्थच्या संग्रहालयात गेला. मुकुट आहे. आणि करायचं काय म्हणता तर ऐका. चेंबर्स स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम, फुकट, लिफ्ट आहे, जागोजागी बसायला बाकं, आणि तिथे पेंढा भरून ठेवलेली डॉली मेंढी आहे, १९९६ ची, जगातलं प्रौढ पेशीपासून केलेलं पहिलं क्लोन सस्तन, काचेच्या पेटीत गोल फिरत असते, चार वर्षांचं मूल तिथून हलत नाही. बोटॅनिक गार्डन फुकट, मेअखेरीस ऱ्होडोडेंड्रॉन असतात. आर्थर्स सीट ही शहरातली टेकडी २५१ मीटर आहे, ते बाबा आणि भावजी पहाटे करून येतील. बाकीच्यांनी संध्याकाळी टॅक्सीने कॅल्टन हिलच्या पायथ्याशी जाऊन सावकाश वर जायचं, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. वर बारा खांब दिसतील, ते स्मारक १८२६ ला सुरू झालं आणि तीन वर्षांत पैसे संपले म्हणून तसंच राहिलं.

आपल्या माणसांसाठी अजून एक. किल्ल्याच्या अलीकडे कॅमेरा ऑब्स्क्युराचा (अंधाऱ्या खोलीत बाहेरच्या शहराचं चित्र पाडणारं यंत्र) मनोरा आहे, तो १८९२ मध्ये पॅट्रिक गेडीस यांनी घेतला होता, शहर वरून नीट बघितल्याशिवाय शहर सुधारता येत नाही असं मानणारा माणूस. हेच गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. आत नुसत्या पायऱ्या आहेत, पण खाली उभं राहून बाबांना एवढं सांगा. मी माझ्या वडिलांना सांगितलं तेव्हा ते मनोऱ्याकडे किती वेळ बघत उभे होते.

चहाबिस्किट
खाण्याचं कोणीच बोललं नाही. आमच्याकडे सगळे शाकाहारी, तरी अडलं नाही. हॅगिस म्हणजे मूळचा मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा स्कॉटिश पदार्थ, पण व्हेजिटेरियन हॅगिस बऱ्याच पबमध्ये मिळतं, डाळी, ओट्स, भाज्या आणि बऱ्यापैकी मिरपूड, सोबत बटाटा आणि सलगमचा लगदा. सासूबाई आधी नावाला घाबरल्या, मग म्हणाल्या हे तर भरडलेल्या डाळीच्या मोकळ भाजीसारखं लागतंय, आणि ताट पुसून खाल्लं. छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटी होते, टोपीवाली जॅकेटं घ्या.

भुसावळ जंक्शन
लीड्सकरीण, बाबा रेल्वे वर्कशॉपमधले म्हणालात ना? मग हायलँड्स राहू दे, त्यांना फोर्थ ब्रिज हा रेल्वेचा पूल दाखवा. शहरातल्या वेव्हरली स्टेशनहून ट्रेनने वीस मिनिटांच्या आसपास. १८९० चा पूल, अडीच किलोमीटर, अजून रोज गाड्या जातात. १८७९ मध्ये टे नदीवरचा पूल वादळात गाडीसकट कोसळला होता, त्या धसक्याने हा इतका दणकट बांधला की बघताना छाती भरून येते. ५३ हजार टन पोलाद आणि सुमारे ६५ लाख रिव्हेट. पुलावरून पलीकडे नॉर्थ क्वीन्सफेरीला जा, परतीची गाडी पकडा, मग आईंसाठी अलीकडच्या काठावरच्या साउथ क्वीन्सफेरीला बसने जा, कारण तिथल्या डालमेनी स्टेशनवरून पाण्याकडे उतरायला जिना आहे. किनाऱ्यावर बाकावर बसलं की अख्खा पूल समोर. अर्ध्या दिवसात होतं सगळं. मी स्वतः वर्कशॉपमध्ये रिव्हेट मारलेत, तिथे तास दीड तास नुसता बसून होतो.

अबर्डीनकर
हे मला माहीत होतं आणि सुचलं नाही. पूल बघाच. तरी ग्लेन्कोबद्दल माझं मत तेच आहे, पुढच्या खेपेला गाडीने या, दोन रात्री राहून करा.

लीड्सकरीण
सगळ्यांना थँक्यू. संध्याकाळी बाबांना पुलाचा फोटो दाखवला. चष्मा लावून फोन जवळ घेतला, दोन बोटांनी मोठा करून जोड कसे बसवलेत ते बघत बसले, मग नवऱ्याला म्हणाले, जावईबापू, त्या तळ्यातल्या प्राण्याचं नंतर बघू. नवऱ्याने टूरची टॅब बंद केली. शनिवारी किल्ला आणि तोफ, रविवारी पूल, सोमवारी म्युझियम करून दुपारची गाडी. खोली हेमार्केटजवळ मिळाली, लिफ्ट आहे, मी फोन करून विचारून घेतलं. आता एवढंच सांगा, साउथ क्वीन्सफेरीची बस शहरात कुठून पकडायची म्हणजे आईला कमी चालावं लागेल?