राग आला की तुम्ही काय करता? वुजू, दुआ, खामोशी: अनुभव लिहा

राग आवरा, हे जुम्म्याच्या बयानात (शुक्रवारच्या प्रवचनात) आपण कायम ऐकतो. पण घरात, दुकानात, कामावर प्रत्यक्षात कोण काय करतं हे कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा. उभे असाल तर बसा, तरी उतरला नाही तर आडवे व्हा, अऊजुबिल्लाह पढा (शैतानापासून अल्लाहचा आसरा मागा), गप्प राहा, वुजू करा (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतो तसं), ही हदीसमधली, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमधली शिकवण बहुतेकांना पाठ आहे. यातलं काय जमतं, काय नाही, ते लिहा. मुस्लिम नसाल तरी जरूर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. जुन्या नाशकात आमचं मोठं एकत्र कुटुंब आहे. सकाळी नळाला पाणी आलं की आवाज चढतात. मी तडक वुजूला बसते. आधी मनगटापर्यंत हात, मग तीनदा चूळ. तोंडात पाणी असताना उलट उत्तर देता येत नाही, इथेच निम्मं काम होतं. मग नाकात पाणी, चेहरा, कोपरापर्यंत हात, ओल्या हातांनी डोक्याचा मसह (डोक्यावरून हात फिरवणं), शेवटी घोट्यापर्यंत पाय. क्रम ठरलेला, त्यामुळे मनाला भांडण सोडून तिकडे लक्ष द्यावंच लागतं. जमलं तर दोन रकात नफिल (ऐच्छिक नमाज) पढते. बोलायचं ते नंतर बोलतेच, पण खालच्या आवाजात.

द्वारकावरून, रिक्षावाला
आम्ही आधीच बसलेलो, आणि द्वारका सर्कलला आडवं कुठे होणार? मागचा हॉर्न वाजवतो, शेजारचा आईवरून शिवी देतो. मी हँडल घट्ट धरून "अऊजुबिल्लाहि मिनश्शैतानिर्रजीम" म्हणतो आणि सिग्नलकडे बघत राहतो. पोरवयात तालमीत कुस्ती खेळलोय, हात शिवशिवतात. पण बुखारी आणि मुस्लिम या हदीस-संग्रहांमधली हदीस आहे ना, समोरच्याला चीत करणारा पहिलवान नव्हे, रागात स्वतःला आवरणारा खरा ताकदवान. आमच्यासारख्यासाठीच सांगितली असावी असं वाटतं. पॅसेंजर घाबरत नाहीत, हा रोजचा फायदा.

चौक मंडई
रमजानमध्ये सोपं. कुणी भांडायला आलं की "मी रोज्यात आहे" म्हणायचं, विषय संपतो. बाकीच्या अकरा महिन्यांचं कुणी सांगा.

वडाळा गाव, गृहिणी
मला गप्प राहण्याबद्दल लिहायचंय, कारण त्याचा गैरवापर होतो. आमच्या घरात एक जण रागावला की हदीस सांगून गप्प होतो आणि आठवडा आठवडा बोलत नाही. याला सब्र (संयम) म्हणत नाहीत, ही शिक्षा आहे. खामोशी राग उतरेपर्यंत. भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये आणि सलाम आधी करणारा चांगला, हेही हदीसमध्येच आहे. मी हे त्यांच्यासमोर मांडलं. आता निदान सकाळचा सलाम येतो. कुरआनातल्या आले-इमरान सूरहच्या १३४ व्या आयतीत राग गिळणाऱ्यांबरोबरच माफ करणाऱ्यांचाही उल्लेख आहे, तो आपण सोडून देतो.

सातपूर, कंपनीत सुपरवायझर
नमस्कार. मी हिंदू आहे. आमच्या शॉपवरचा फिटर वाद वाढला की पाना खाली ठेवून नळावर जातो. आधी वाटायचं, काम टाळतोय. विचारलं तेव्हा म्हणाला, "साहेब, राग शैतानाकडून येतो, शैतान आगीचा, आणि आग पाण्याने विझते." आता शिफ्ट बदलताना डोकं तापलं की मीही तोंड धुऊन येतो, मगच रजिस्टरवर शेरा लिहितो. शेरे बरेच सौम्य झालेत.

धागाकर्ती
सातपूरच्या दादा, मनापासून आभार. तुमच्या फिटरभाईंनी सांगितलेली हदीस अबू दाऊद या हदीस-संग्रहात आहे. तिच्या सनदीबद्दल (ती कुणाकडून कुणाकडे आली त्या साखळीबद्दल) काही मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे, पण वुजूचा गुण मी रोज अनुभवते, त्यामुळे सोडणार नाही. वडाळ्याच्या बहिणीचं म्हणणं पुरुषांनी जरूर वाचावं. लहान मुलांच्या रागाबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही. मकतबमध्ये (मुलांच्या धार्मिक शाळेत) शिकवणाऱ्या आपा असतील तर सांगा, सहा-सात वर्षांच्या मुलाला यातलं आधी काय शिकवता?