मदत हवी आहे: देवाच्या स्वभावाची स्तुती करणाऱ्या उपासनेसाठी वाचन आणि गीते

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या मंडळीतील संध्याकाळच्या उपासनेची आखणी माझ्याकडे आहे. नोकरी, आजारपण, परीक्षा यांबद्दलचे आभार आमच्याकडे भरपूर मानले जातात. परंतु देवाने काय दिले हे बाजूला ठेवून, तो कसा आहे एवढ्याचसाठी त्याची स्तुती करावी, असा या वेळचा विचार आहे.

बायबलमधील निर्गम 34:6 मध्ये देव स्वतःच मोशेला आपला स्वभाव सांगतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध (लवकर न रागावणारा). हेच वर्णन पुढे नहेम्या 9:17, स्तोत्र 86, 103 व 145, तसेच योएल 2:13 येथे पुन्हा भेटते, आणि या वचनांचे आळीपाळीने वाचन करण्याचे मी ठरवले आहे. अडचण योना 4:2 ची आहे, कारण तेथे तेच शब्द स्तुती म्हणून नव्हे, तर निनवे या शत्रूच्या नगराला क्षमा मिळाली म्हणून योना संदेष्ट्याने रागाने केलेली तक्रार म्हणून येतात. मला ते वचन घ्यावेसे वाटते (शत्रूवरही दया करणारा देव आपल्याला नेहमीच रुचतो असे नाही), पण ते स्तुतीच्या ओघात कोठे बसवावे? शिवाय निर्गमातील सातव्या वचनात दोषाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते. ते गाळले तर देवाची न्यायप्रियता निसटते आणि ठेवले तर लहान मुलांना समजावून सांगावे लागते. आपण काय केले असते?

‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतपुस्तकातील, विशेषतः पवित्रता व विश्वासूपणा यांवरची, गीतेही कृपया सुचवावीत.