घरातला पसारा काढायला टार्गेट लिहून ठेवावं का? तुमचं मत सांगा

जुळे सोलापूरकर
घट बसायला थोडेच दिवस राहिलेत, आता घरोघरी धुणं निघेल, चादरी वाकळा गच्चीवर जातील, माळ्यावरचे डबे खाली येतील. माझं म्हणणं असं आहे की ही सफाई झाली, पसारा यात कमी होत नाही, कारण जे उतरवलं ते पुसून परत माळ्यावरच जातं आणि पुढच्या वर्षी तेच परत उतरवायचं. ज्यांना खरंच घर मोकळं करायचंय त्यांनी टार्गेट कागदावर लिहावं आणि दर रविवारी कुठवर आलो ते तिथंच टिपावं. "यंदा सगळं काढून टाकू" हे टार्गेट नाही. "दिवाळीच्या आत दिवाणाखालचा कप्पा निम्मा रिकामा" हे टार्गेट. एडविन लॉक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं होतं की माणसाला नेमकं आणि जरा अवघड ध्येय दिलं तर तो "जमेल तेवढं कर" सांगितल्यापेक्षा जास्त काम करतो. घरातलं काम तर कायम "जमेल तेवढं"च असतं, वरचेवर विचारणारं कुणी नसतं, म्हणून तिथं लिहिणं जास्तच गरजेचं.

मी चार रकाने करते. जागा कुठली, कधीपर्यंत, काय काढलं, आणि ते कुठे गेलं. चौथा रकाना भरल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही, कारण बहुतेक घरात पिशव्या भरल्या जातात, गाठ मारली जाते आणि त्या दाराआड तशाच उभ्या राहतात, मग कुणाला तरी काहीतरी शोधायचं असतं आणि गाठ सुटते. रद्दी, भंगार, बोहारीण, नात्यात कुणाला, जे असेल ते नाव लिहा. तुम्हाला काय वाटतं? विरोधी मत असेल तरी मोकळेपणाने लिहा.

बाळीवेसची आक्का
मला हे अजिबात पटलं नाही ताई. तुमचा कागद तुमच्या एकटीच्या कपाटापुरता चालेल. आमच्यासारख्या घरात सासूबाईंची पितळी भांडी आहेत, दिरांची पुस्तकं आहेत, नणंदेचं बाळंतपणाचं सामान आहे, मी टार्गेट लिहिलं तर दुसऱ्याच्या वस्तूवर लिहिणार का? आणि लिहिलं की ते पूर्ण करायची घाई लागते, माणूस घरात कुणी नसताना पिशव्या भरायला लागतो. यातून घरोघरी अबोले धरलेले बघितलेत मी.

दुसरं, आपल्याकडच्या वस्तू काय आहेत ते बघा की. कुठलाही कार्यक्रम घ्या, लग्न बारसं वास्तुशांत, आहेर काय तर चादर, टॉवेल-टोपी, खण, नाव घातलेलं भांडं. चादरीला सोलापूरची म्हणून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं, टिकायलाही वर्षानुवर्ष टिकते, ती काय फेकायची चीज आहे का? भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली, ते दुसऱ्याला देता येत नाही आणि मोडीत घालायला मन होत नाही. हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं?

आणि पाणी. नळाला पाणी चार दिवसाआड, कधी पाच दिवसाआड. शेजारच्या जिल्ह्यातून माझी भाची येते ती म्हणते मामी किती हो टिपाडं, किती कळशा, अंघोळीला जागा नाही. तिला काय सांगायचं? उजनी धरण भरलेलं असतं तरी आमच्या गल्लीत पाणी रोज नसतं. तो पसारा नाही, ती गरज आहे.

अक्कलकोट रोड
पाण्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आक्का, पण त्यालाच हिशोब लावून बघा ना. पाच माणसं, माणशी दिवसाला १०० लिटर धरले, चार दिवसांचे झाले २००० लिटर. वर १००० ची टाकी असेल तर राहिले १०००, म्हणजे २०० लिटरची पाच टिपाडं. पाचवा दिवस पडला तर अजून ५०० लिटर, म्हणजे आणखी दोन-तीन. एवढं पाहिजेच पाहिजे, त्याला कुणी हात लावू नये. पण त्याच्या वर जिन्याखाली जी फुटकी टिपाडं, कान तुटलेल्या बादल्या, प्लास्टिकच्या झाकण नसलेल्या घागरी पडलेल्या असतात त्यात पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून तर आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून कोरडी करा म्हणून सांगत असतात. तेव्हा आकडा लिहिला की गरज कुठे संपते ते कळतं. मी एमआयडीसीत कामाला आहे, आमच्याकडे फाईव्ह एस म्हणून जपानी पद्धत वापरतात, शंका असलेल्या वस्तूला लाल टॅग लावायचा, त्यावर तारीख टाकायची, मुदतीत कुणी मागितली नाही तर ती कामाच्या जागेतून बाहेर. घरी मी लाल रिबिनीचा तुकडा बांधतो. भांडण होत नाही, कारण वस्तू लगेच जात नाही, सगळ्यांना दिसत राहते.

सात रस्ता
घर म्हणजे फॅक्टरी नाही ओ दादा. फॅक्टरीत वस्तू कंपनीची असते, वर्करला तिच्याबद्दल काही वाटायचा प्रश्न नसतो. घरात वडिलांचा चष्मा लाल रिबीन बांधून ठेवणार का?

मी टार्गेटच्या विरोधात आहे ते वेगळ्या कारणाने. आकडा ठरवला की माणूस आकडाच पूर्ण करतो. "या महिन्यात शंभर वस्तू काढायच्या" म्हटलं की जुनी पेनं, लग्नपत्रिका, डब्यांची झाकणं, चिंध्या असं मोजायला सोपं ते जातं आणि ज्या एका लोखंडी कपाटाने अर्धी खोली अडवलीय ते तसंच राहतं कारण ते मोजणीत एकच. बोहारणीचं पण तसंच, साड्या दिल्या त्या वहीत लिहिल्या, बदल्यात स्टीलचं पातेलं आणि वाट्या घरात आल्या त्या कोण लिहितं? वही भरते, जागा तेवढीच. मला विचाराल तर लिहायची गरजच नाही, रोज एखादी वस्तू हातात आली की तिथंच ठरवा, राहणार की जाणार. सवय लागली पाहिजे, नोंद कशाला.

जुळे सोलापूरकर
@सात रस्ता, मी वस्तूंची संख्या लिहा असं म्हटलेलंच नाही, मी जागा लिहा म्हणतेय. "कप्पा निम्मा रिकामा" यात लोखंडी कपाट सुद्धा येतं आणि बोहारणीची पातेली पण येतात, कारण ती ठेवली की कप्पा परत भरतो, लगेच दिसतं. आणि सवयीने होतं म्हणता ते ज्यांना आधीच सवय आहे त्यांचं होतं. बाकीच्यांचं काय?

रिटायर्ड कारकून
मी जन्मभर सरकारी कार्यालयात दप्तर सांभाळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयावर आपल्या महाराष्ट्रातच चांगलं काम झालेलं आहे आणि लोक उगाच बाहेरचं शोधत बसतात. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला अनिलकुमार लखिना कलेक्टर होते, त्यांनी कार्यालयातली कागदपत्रं लावायची जी पद्धत बसवली तिला लखिना पॅटर्न म्हणतात. त्यातले सहा गठ्ठे आमच्या पिढीच्या प्रत्येक कारकुनाला पाठ. प्रलंबित कागद, उत्तराची वाट बघत असलेले, ठराविक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, रेकॉर्ड रूमला पाठवायचे आणि सहावा गठ्ठा नाश करायचे. रेकॉर्डला पाठवताना वर्ग पडतात, अ म्हणजे कायम, ब ३० वर्षे, क १० वर्षे, ड एक वर्ष.

यात दोन गोष्टी घरासाठी घेण्यासारख्या आहेत. एक, फेकायचं की ठेवायचं हा प्रश्नच तिथे नाही, किती दिवस ठेवायचं हा प्रश्न आहे. माणूस "फेकू का" म्हटलं की नाहीच म्हणतो, पण "अजून किती दिवस" विचारलं तर विचार करतो. खरेदीखत, जन्मदाखला, देवघरातलं, आईची नथ हे अ वर्ग, त्यावर चर्चाच नको. वॉरंटीचे कागद वॉरंटी संपेपर्यंत. लाईट बिल पुढची दोनचार बिलं येईपर्यंत. फ्रिजचं खोकं घर बदलायचं नसेल तर ड, त्यात वादच नाही. डब्यावर किंवा पिशवीवर खडूने महिना आणि साल लिहून ठेवलं की काम झालं.

दुसरी जास्त महत्त्वाची. सरकारी कागद कारकून आपल्या मनाने फाडू शकत नाही. आधी यादी करायची, ती वरिष्ठांपुढे ठेवायची, त्यांची मंजुरी आली की मग नाश. आक्कांचा जो आक्षेप आहे त्याला हेच उत्तर आहे. सासूबाईंच्या भांड्यांची यादी करा, त्यांच्यापुढे ठेवा, मंजुरी त्यांची. त्या नाही म्हणाल्या तर अ वर्ग, विषय संपला. टार्गेट लिहिणारी व्यक्ती आणि मंजुरी देणारी व्यक्ती एकच असेल तर घरात भांडण होणारच.

बाळीवेसची आक्का
काका तुमचं पटलं. यादी पुढे ठेवायची हे चांगलं आहे. पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतील तर त्यांच्यापुढे यादी धरायची का? त्यांना वाटेल माझ्या माघारी काय करायचं ते आताच ठरवताहेत. काही वेळा थांबणं हेच बरोबर असतं आणि तुमच्या कुठल्याच कागदात थांबण्याचा रकाना नाही.

पूर्वभागवाला
सगळं वाचलं. माझ्या मते हा सगळा वाद मोठ्या घरवाल्यांचा चाललाय. आमच्याकडे दोन खोल्या, त्यात आई आणि वहिनी विड्या वळतात. ओल्या पोत्यात गुंडाळलेली पानं, तंबाखू, सूप, कात्री, वळलेल्या विड्या, हे सगळं त्याच खोलीत जिथं रात्री अंथरूण पडतं. शेजारी माग आहे, तिथं सुताच्या कोनांची पोती भिंतीला. बाहेरचा माणूस आला तर त्याला पसारा दिसेल, आम्हाला ती हजेरी आहे, ते हललं तर आठवड्याचा पगार हलतो. अशा घरात "कप्पा निम्मा रिकामा" म्हणण्यात अर्थ नाही, कप्पाच नाही.

आमच्यात जे खरं निघालं ते मामाला घर मिळालं तेव्हा. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर या कामगारांच्या वसाहतीत जानेवारी २०२४ ला १५ हजार घरांचा ताबा दिला, त्यातलं एक त्यांचं. टेम्पोची खेप पैशाला पडते, दुसरी खेप परवडत नाही, म्हणून एका खेपेत बसेल तेवढंच न्यायचं असं मामींनी ठरवलं आणि चाळीस वर्षांचा संसार एका दुपारी निवडून झाला. कागद नाही वही नाही. टेम्पोचा हौदा हेच माप. म्हणून मी म्हणतो टार्गेट असावं, पण ते आपल्या अडचणीतून आलेलं असावं, कुणी सांगितलं म्हणून लिहिलेलं टिकत नाही.

अक्कलकोट रोड
हे लै भारी सांगितलं भावा. अडचणीतून आलेलं माप.

सात रस्ता
मी पण हेच म्हणत होतो, लिहून होत नाही.

जुळे सोलापूरकर
नाही, मामींनी तर सगळ्यात कडक टार्गेट ठेवलं. जागा ठरलेली, तारीख ठरलेली, आणि मोजायची सोय डोळ्यासमोर. लिहिलं नाही कारण टेम्पो दारात उभा होता. आपल्या दारात टेम्पो उभा नसतो, म्हणून कागद लागतो, मी यावर ठाम आहे. पूर्वभागवाल्यांचं एक मात्र मनापासून मान्य, ज्या सामानावर पोट आहे ते या हिशोबात धरूच नये. आणि आक्का, तुमचा थांबण्याचा रकाना मी घेते. "सध्या नाही" असं लिहायचं, पुढची तारीखही टाकायची नाही, आणि त्या जागेला सोडून दुसरी जागा धरायची.

बाळीवेसची आक्का
तारीख टाकायची नाही म्हणालात ते बरं केलं. मग मी माझं स्वतःचं कपाट धरते, खणांपासून. पण दर रविवारी टिपणार नाही, रविवारी घरात माणसं असतात.

नवी पेठ
मध्येच विचारतो, जुने मोबाईल, चार्जर, फुगलेल्या बॅटऱ्या यांचं काय करताय सगळे? भंगारवाला वजनावर नेतो पण पुढे तो ते फोडतो किंवा जाळतो.

अक्कलकोट रोड
फुगलेली बॅटरी घरात ठेवूच नका, पेट घेऊ शकते, दाबू किंवा टोचू पण नका. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत जुनी उपकरणं गोळा होऊन रिसायकल होण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, त्यामुळे आधी त्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि मोबाईल देण्याआधी त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, सिम काढा, रिसेट मारा.

रिटायर्ड कारकून
आणि चौथ्या रकान्यात लिहा कुठे दिला ते.